धर्माच्या अभ्यासाला उंबऱ्यापर्यंत जाऊ द्या



 या परिषदेची अध्यक्ष म्हणून मी एकच मागणं मांडते. धर्माचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पाठवा आणि त्या कामाला अभ्यासक्रमात मानाचं स्थान द्या.

ही रीत आपल्याकडची जुनी आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या उत्तरापंथे गमनानंतर तेराव्या शतकात म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांच्याकडून एकेक आठवण त्यांनी गोळा केली आणि नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ माणसांच्या दारात जाऊन लिहिला गेला. विसाव्या शतकात गणिताचे प्राध्यापक दामोदर कोसंबी पुण्याभोवतीचे डोंगर पायी तुडवत ग्रामदेवतांची ठाणी शोधत राहिले. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर खंडोबाच्या शोधात धनगरवाड्यांपर्यंत पोचले. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या, म्हणूनच एका दिंडीतही जातवार पंगती वेगळ्या बसतात, हे त्यांना दिसलं आणि सललं.

विद्यार्थ्याला बाहेर काय मिळतं, याचा एक दाखला देते. माउलींच्या पालखीतळावर संध्याकाळी समाजआरती होते. दिंड्या रिंगण धरून उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतात आणि एवढा समुदाय क्षणात स्तब्ध होतो. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची वर्दी दिली जाते आणि मग आरती होते. भक्ती, शिस्त आणि दाद मागण्याचा हक्क एकाच रिंगणात कसे नांदतात, हे इथे उभं राहिलं की कळतं. संप्रदाय म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान नव्हे, ती एक चालती व्यवस्था आहे, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

अशा संधी आपल्या अवतीभवती पुष्कळ आहेत. मोडी शिकलेल्या मुलाला पुण्याच्या पेशवे दफ्तरात देवस्थानांच्या इनामांचे, वर्षासनांचे कागद वाचता येतील. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या नोंदल्या आहेत. आडनाव नि मूळगाव सांगितलं की पणजोबांच्या यात्रेची नोंद निघते. जेजुरीच्या वाघ्या-मुरळींचं जागरण रात्रभर ऐकून, त्यांच्या संमतीनं ध्वनिमुद्रित करता येईल. अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आहे. बेने इस्रायल ज्यूंनी आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तनं रचली, हे आपल्या किती पदवीधरांना ठाऊक आहे? नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेला आई-वडिलांचं बोट धरून गेलेली माणसं आज थकली आहेत. त्यांच्या आठवणी टिपायला उशीर परवडणारा नाही.

मात्र जाण्याला शिस्त हवी. विद्यार्थी श्रद्धाळू असो वा नास्तिक, परक्याच्या देवघरात त्यानं विचारूनच पाऊल टाकावं. फोटोला नकार मिळाला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. मंदिराच्या विश्वस्तांइतकंच झाडलोट करणाऱ्या बाईचंही ऐकावं, कारण कुणाला गाभाऱ्यात प्रवेश आहे आणि कुणाला नाही, हे तिला नेमकं ठाऊक असतं. लिहून झालेलं त्या माणसांना वाचून दाखवावं आणि एक प्रत त्यांच्या गावी ठेवावी. अभ्यासकाचं हे किमान ऋण आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानं फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक दिले आहेत, म्हणजे दार उघडलं आहे. पण इंटरनेटवरून उतरवलेल्या वीस पानांना स्पायरल बायंडिंग करून ते श्रेयांक मिळणार असतील, तर आपण मुलांची फसवणूक करतो आहोत. म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे की मुलांबरोबर स्वतः चला. प्राचार्यांना विनंती आहे की प्रवासखर्चाची तरतूद करा, मुलींच्या मुक्कामाची सोय आधी बघा आणि या कामाचे तास प्राध्यापकांच्या कार्यभारात धरा.

शेजाऱ्याच्या धर्माबद्दल ऐकीव माहितीवर मतं बनवण्याचे हे दिवस आहेत. शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचं म्हणणं ऐकलेला पदवीधर सहजासहजी भडकणार नाही. असे पदवीधर घडवणं आपल्या हाती आहे. प्रत्येक महाविद्यालयानं या वर्षी आपल्या पंचक्रोशीतलं एक प्रार्थनास्थळ, एक जत्रा किंवा एक पोथीसंग्रह निवडावा आणि मुलांनी केलेल्या नोंदी घेऊन पुढच्या परिषदेला यावं. त्या नोंदींच्या वाचनासाठी पहिलं सत्र राखून ठेवावं, असा प्रस्ताव मी अध्यक्ष या नात्यानं आपल्यापुढे ठेवते.