औषधाची पिशवी

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध रक्तातून सर्वत्र हिंडते आणि गाठीबरोबर हृदयालाही इजा करते. म्हणून ते मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढ्या मेदाच्या पिशवीत भरण्याची युक्ती निघाली. अमेरिकेत तिला १९९५ साली मान्यता मिळाली. २०१२ मध्ये तेथे तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ मागविण्यात आले.

ही पिशवी गाठ शोधीत जाते, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. आमच्या बंगळूरच्या के. आर. पुरममध्ये हमरस्त्यावरची मालमोटार जशी अरुंद बोळात शिरत नाही, तशी ही पिशवी निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतून सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या, घाईने वाढलेल्या वाहिन्यांना मात्र फटी असतात. तेथून ती झिरपते. मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये हे दाखविले.

पण झिरपते किती? प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ मधील एका आढाव्यात हे प्रमाण शेकडा ०.७ इतकेच भरले! यकृत आणि प्लीहा पुष्कळसे कण वाटेतच गिळतात. खरा लाभ निराळा आहे: हृदयाची हानी कमी होते. तळहात-तळपायांची कातडी मात्र लाल होऊन सोलवटते, आणि रुग्णाला हे आधी सांगावयास हवे.