काचनळीला काय कळतं?

करी रोड, लालबाग, परळच्या जुन्या माणसांना 'हातभट्टी' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर काळा गूळ आणि नवसागर यांना गिरणगावात वेगळाच भाव आला. पंचनाम्यात पोलीस ज्याला 'रसायन' म्हणतात, ते म्हणजे आंबवलेलं गुळाचं पाणी. त्यातून उतरलेला माल किती कडक, याची परीक्षा एकच: चिंधी भिजवायची, काडी लावायची. निळी ज्योत उठली की माल पक्का!

खरं तर मोजण्याची रीत अवघड नाही. दुधाचा लॅक्टोमीटर आपण पाहिलेला असतो. त्याच्याच जातीचं हायड्रोमीटर. साध्या पाण्यात ते १.००० दाखवतं. साखर विरघळली की पाणी जड होतं आणि नळी वर उचलली जाते. परदेशात पुष्कळ लोक घरीच बीअर करतात (आपल्याकडे विनापरवाना केली तर गुन्हा). जवाच्या गोड काढ्याचा आकडा समजा १.०५० आला. यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल आणि वायू होतो, आणि काही दिवसांनी आकडा १.०१०वर येतो. फरक ०.०४०, त्याला १३१नं गुणलं की सुमारे सव्वापाच टक्के. पहिला आकडा टिपला नसेल तर दुसऱ्याचा काही उपयोग नाही, कारण शिल्लक साखर नळीला वर ढकलते आणि अल्कोहोल खाली ओढतं. शिवाय नळी बहुधा २० अंशांवर बेतलेली. आपल्या मुंबईच्या ३० अंशांत ती दोन-तीन हजारांशांनी कमीच दाखवणार. नळीला चिकटलेले बुडबुडेही तिला वर उचलतात, म्हणून आधी वायू हलवून काढावा लागतो.

गोव्याच्या फेणीत साखर नसते, ती भांड्यातच मागे राहते. तिथं एकच आकडा पुरतो.

'अल्कोहोल' हा शब्द मूळचा अरबी, अल-कुहल, म्हणजे सुरमा. डोळ्यांत घालायचा तो. मी स्वतः घेत नाही, पण शब्दाचा हा प्रवास मला चटका लावतो, कारण विषारी दारू आधी डोळेच नेते.

नळीला फक्त जडपणा कळतो. पिण्याचं इथेनॉल पाण्याच्या ०.७८९ पट, कारखान्यातलं मिथेनॉल ०.७९२ पट. हा फरक तिला दिसत नाही. चिंधीलाही नाही, दोन्ही पेटतात. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत माणसं गेली ती याच मिथेनॉलनं. मालवणीत तर शंभरावर. हे विष गुळातून आलेलं नव्हतं, बाहेरून आणून मिसळलेलं होतं. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आणि लक्षणं दिसायला कधी कधी पुरा दिवस जातो. म्हणून प्यायलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागलं, पोटात कळा आल्या, तर 'उतरेल आपोआप' म्हणत घरी झोपवू नका. लगेच रुग्णालय गाठा, आणि काय प्यायला, कुठली प्यायला, ते डॉक्टरांना न लाजता सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो.