साथीच्या दिवसांतील नगरकारभार

शहरांत साथ शिरली म्हणजे नगराच्या कारभाराची खरी परीक्षा सुरू होते. एरव्हीं रस्ते, दिवे, नळ आणि कचरा यांपुरताच ज्या संस्थेचा घराशीं संबंध, तिचा माणूस एके दिवशीं दार ठोठावतो आणि घरांत कोणी आजारी आहे काय, असें विचारतो. या साध्या प्रश्नाला खरें उत्तर मिळतें कीं खोटें, यावर पुढील सर्व उपायांचें यश अवलंबून असतें. कायदा कितीही कडक असो, औषधें कितीही उत्तम असोत; घरच्या मंडळींनीं रोग्याला माळ्यावर दडवून ठेवलें, तर त्या कायद्याला आणि त्या औषधांना करण्यासारखें कांहींच उरत नाहीं. मुंबई शहरानें ही परीक्षा अनेकदां दिली आहे. त्यांपैकीं १८९६ सालचा प्लेग आणि २०२० सालची कोविडची साथ हे दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवी भागांत एक चमत्कारिक ताप दिसूं लागला. बंदराजवळचा हा भाग धान्याच्या वखारींनीं भरलेला, चाळींनीं दाटलेला. वखारींतून उंदीर मरून पडत होते आणि माणसांच्या जांघेंत व काखेंत गांठी उठत होत्या. तेथें वैद्यकीचा व्यवसाय करणारे मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं हा गांठीचा ज्वर, म्हणजेच प्लेग आहे, हें ओळखलें. आणि २३ सप्टेंबर रोजीं म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितींत तें उघडपणें सांगितलें. ही गोष्ट बोलून दाखविणें सोपें नव्हतें. मुंबईचें वैभव बंदरावर उभें होतें. प्लेगचें नांव निघतांच परदेशांतील बंदरें मुंबईच्या जहाजांना बंद होतील, ही व्यापाऱ्यांची भीति खोटी नव्हती. पुढें १८९७ च्या आरंभीं युरोपांतील राष्ट्रांनीं केवळ याच प्रश्नासाठीं व्हेनिस येथें परिषद भरविली. तरीही सत्य वेळेवर सांगितलें गेलें, ही त्या शहराच्या जमेची पहिली बाजू.

यानंतर कारभाराचें चाक जोरानें फिरूं लागलें. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं ६ ऑक्टोबर रोजीं एक जाहीरनामा काढला. त्यान्वयें प्लेगचा संशय असलेल्या कोणत्याही घरांत शिरण्याचा, रोग्याला वेगळें ठेवण्याचा आणि जरूर पडल्यास सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. कागदावर हा हुकूम निर्दोष होता. रोगी वेगळा केला कीं रोग थांबेल, असा त्यामागील हिशेब. परंतु हाच हुकूम चाळींतील एका खोलींतून कसा दिसत होता? घरांतल्या कर्त्या माणसाला अनोळखी लोक उचलून नेत. इस्पितळांत त्याच्या तोंडांत कोणाच्या हातचें पाणी पडतें, स्त्रियांच्या अंगाला कोण हात लावतें, प्रेताची व्यवस्था कशी होते, यांतलें कांहींच घरच्यांना कळत नसे. रोगी बहुधा अगदीं अखेरच्या अवस्थेंत तेथें पोंचे आणि म्हणून बहुधा परत येत नसे. तेव्हां इस्पितळ म्हणजे मरणाचें घर, अशी समजूत पसरली, तर ती केवळ अडाणीपणाची समजूत होती, असें म्हणतां येणार नाहीं. लोक जें डोळ्यांनीं पाहत होते, त्यावरूनच ती बनली होती.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. लोक रोगी लपवूं लागले. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोडवरील इस्पितळावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशीं कमिशनरांना हुकूम सौम्य करावा लागला. घरींच रोग्याला वेगळें ठेवून उपचार करण्याची सोय असल्यास त्याला सक्तीनें हलविलें जाणार नाहीं, असें जाहीर झालें. या माघारीमागें दंग्याची भीति तर होतीच. परंतु तिच्याहूनही मोठी भीति दुसरी होती. शहराची मैलासफाई करणारे कामगार, ज्यांना त्या काळीं हलालखोर म्हणत, ते जर घाबरून मुंबई सोडून गेले, तर सारें शहर राहण्यास अयोग्य होईल, हें कमिशनरांना पक्कें कळून चुकलें होतें. ज्यांना नगराच्या सभेंत आवाज नव्हता आणि समाजांत मान नव्हता, त्यांच्याच राहण्यावर नगराचें प्राणरक्षण अवलंबून होतें. साथीच्या दिवसांत कोणाचें काम खरोखर अत्यावश्यक आहे, हें असें अचानक उघड होतें.

दुसरी अडचण ज्ञानाची होती. प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें सांपडला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हें कोणालाच नीट ठाऊक नव्हतें. घाण, दमटपणा आणि कोंदट हवा यांवरच सर्व रोष होता. म्हणून गटारांतून समुद्राचें पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडण्यांत आलें, भिंतींना चुना फांसण्यांत आला, ऊन आंत यावें म्हणून छपरांचीं कौलें काढण्यांत आलीं, गरिबांचें सामान जाळण्यांत आलें आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशीं अक्षरें रंगविण्यांत आलीं. उंदराच्या अंगावरील पिसू हीच रोगाची वाहक आहे, हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनें १८९८ सालीं कराची येथें दाखविलें आणि तेंही सर्वमान्य होण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. तोंपर्यंत गटारें धुण्याच्या खटपटींत उंदीर मात्र एका घरांतून दुसऱ्या घरांत पळत असले पाहिजेत. स्वच्छता वाईट होती असें नव्हे. पण ज्या खात्रीनें लोकांचीं घरें उघडीं पाडलीं गेलीं, तितकी खात्री बाळगण्याइतकें ज्ञान कोणापाशींच नव्हतें.

शहर रिकामें होऊं लागलें. १८९१ च्या शिरगणतीप्रमाणें मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती. १८९७ च्या पहिल्या दोन महिन्यांपर्यंत जवळजवळ निम्मे लोक गांवोगांव निघून गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा मंजूर केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पण त्यानें सरकारला वाटेल तो उपाय योजण्याची मुभा दिली आणि त्या उपायांबद्दल सद्‌भावनेनें वागणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण दिलें. लोकांना मात्र त्यानें कोणताच हक्क दिला नाहीं. मार्चमध्यें ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली गेली आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. पुण्यांत रँड यांच्या कमिटीनें गोऱ्या शिपायांकडून जी घरझडती चालविली, तिचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हें महाराष्ट्रांतल्या घराघरांना माहीत आहे. मुंबईंतही ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्यांत एका विणकर कुटुंबांतल्या आजारी मुलीला तपासण्यावरून दंगा उसळला, पोलिसांना गोळीबार करावा लागला आणि माणसें दगावलीं.

या कटु अनुभवांतूनच कारभाराला हळूहळू शहाणपण आलें. निरनिराळ्या समाजांना आपापलीं इस्पितळें उघडूं देण्यांत आलीं. तेथें आपल्या माणसाला आपल्यांतल्यांच्या हातचें अन्नपाणी मिळे आणि नातलगांना भेटतां येई. तेव्हां जे रोगी पूर्वीं लपविले जात, ते तेथें आपण होऊन येऊं लागले. डॉक्टर हाफकीन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें तिसरे आगाखान यांनीं ती सर्वांदेखत घेतली आणि त्यांच्या अनुयायांचा संशय फिटला. हडपसरजवळ आपल्या मुलाच्या दवाखान्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं १० मार्च १८९७ रोजीं देह ठेवला. या गोष्टींमागें कोणताही हुकूम नव्हता. आणि हुकुमानें जें दार उघडलें नाहीं, तें अशा गोष्टींनीं उघडलें.

साथीनंतर १८९८ सालीं शहर सुधारणेसाठीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले आणि कोंदट वस्त्या पाडल्या. परंतु पाडलेल्या घरांतील गरिबांना तितक्या प्रमाणांत नवीं घरें मिळालीं नाहींत. ते जवळच्याच वस्त्यांत अधिक दाटीनें राहूं लागले. प्लेग ओसरला, दाटी राहिली. आणि १८९७ चा तो कायदाही राहिला.

मार्च २०२० मध्यें कोविडची साथ आली, तेव्हां महाराष्ट्र सरकारनें हाच १२३ वर्षांचा जुना कायदा हातीं घेतला. ११ मार्च रोजीं मुंबईंत पहिले रोगी आढळले. आणि योगायोग असा कीं, शहरांतील आरंभीचे रोगी जेथें ठेवले गेले, तें कस्तुरबा रुग्णालय म्हणजेच १८९६ सालीं ज्यावर लोक चालून गेले होते, तें आर्थर रोडचें इस्पितळ. सर्व देशांत टाळेबंदी झाली. रोजंदारीवर पोट असलेल्यांना घरांत बसा म्हणणें म्हणजे उपाशी बसा म्हणण्यासारखें होतें; १४ एप्रिल रोजीं वांद्रें स्थानकाबाहेर गांवीं जाऊं पाहणाऱ्या मजुरांची जी गर्दी झाली, ती १८९७ सालच्या पळापळीचीच आठवण देणारी होती.

परंतु याच शहरांत, धारावींत, एक निराळी गोष्टही घडली. अडीच चौरस किलोमीटरांहूनही कमी जागेंत लाखों माणसें, दहा बाय दहाच्या खोलींत आठ-दहा जणांचा संसार, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचकूपांवांचून दुसरी सोय नाहीं. १ एप्रिल २०२० रोजीं तेथें पहिला रोगी सांपडला. येथें अंतर राखा हा उपदेश निरर्थक होता, हें महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयानें वेळींच ओळखलें. म्हणून वस्तींत ज्यांचे दवाखाने होते आणि ज्यांना लोक नांवानें ओळखत, अशा खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन तापाच्या तपासणीचीं शिबिरें भरविलीं गेलीं. शाळा, मंगल कार्यालयें आणि क्रीडासंकुल ताब्यांत घेऊन तेथें संशयितांच्या राहण्याची व दोन्ही वेळच्या जेवणाची व्यवस्था झाली. शौचकूपें दिवसांतून अनेकदां धुतलीं जाऊं लागलीं. घरांत राहणाऱ्यांना शिधा पोंचविण्यांत अनेक संस्थांनीं हात दिला. आपला माणूस कोठें आहे, तो जेवला कीं नाहीं, हें घरच्यांना कळत होतें. तेव्हां त्याला लपविण्याचें कारणच कमी झालें. जुलैमध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं धारावीचें नांव घेऊन या कामाची वाखाणणी केली.

पुढें रुग्णालयांतील खाटांचें वाटप २४ विभागांतील नियंत्रण कक्षांकडे सोंपविलें गेलें. भांबावलेल्या नातलगांनीं दारोदार फिरण्याऐवजीं ओळखीच्या विभागांतील माणसाशीं बोलावें, हा त्यांतील हेतु. एप्रिल २०२१ मधील एका रात्रीं सहा रुग्णालयांत प्राणवायु अपुरा पडतो असें दिसतांच तेथील १६८ रोगी दुसरीकडे सुखरूप हलविण्यांत आले. या शहराच्या प्राणवायूच्या व्यवस्थेपासून इतरांनीं धडा घ्यावा, असें सर्वोच्च न्यायालयानेंही मे महिन्यांत सुचविलें.

तथापि या यशाचा अर्थ फुगवून सांगणें योग्य नव्हे. त्या साथींत मुंबईंत १९ हजारांहून अधिक माणसें गेलीं. जुलै २०२० मध्यें तीन विभागांत झालेल्या रक्तपरीक्षेंत झोपडवस्तींतील १०० पैकीं ५७ लोकांना संसर्ग होऊन गेल्याचें दिसलें, तर इतर वस्तींत तें प्रमाण १६ होतें. हुकूम सर्वांना सारखा होता. तो पाळण्याची ऐपत सारखी नव्हती. आणि १८९६ प्रमाणेंच २०२० मध्येंही ज्ञान अपुरें होतें. रोग मुख्यतः हवेवाटे पसरतो हें स्पष्ट होण्यापूर्वीं रस्ते व भिंती धुण्यांतच पुष्कळ श्रम खर्ची पडले.

या दोन प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. संकटकाळीं नगरसंस्थेला असाधारण अधिकार हवेतच. रोगी वेगळा करणें, गर्दी मोडणें, इस्पितळें ताब्यांत घेणें ही कामें विनंतीवर चालत नाहींत. परंतु ज्याला घरांत राहा म्हणावयाचें त्याच्या पोटाची सोय, ज्याला घराबाहेर न्यावयाचें त्याची खुशाली घरच्यांना कळविण्याची सोय, आणि जो शहराची घाण उपसतो त्याच्या जिवाची काळजी, हीं तीन अंगें नसलेला हुकूम अपुराच असतो. तीं आहेत कीं नाहींत, हें साथ आल्यावर पाहून उपयोग नाहीं. वस्तींतला दवाखाना, तेथला डॉक्टर, शौचकूपांचें पाणी आणि सफाई कामगाराचा पगार हे विषय नगरसंस्थेच्या दर वर्षींच्या अंदाजपत्रकांत येत असतात, आणि सुशिक्षित नागरिक बहुधा त्यांकडे लक्ष देत नाहींत. पण दार ठोठावणाऱ्या माणसाला खरें उत्तर मिळावयाचें कीं नाहीं, हें बरेंचसें त्या अंदाजपत्रकांतच ठरून गेलेलें असतें.