घरीं बांधलेली घसरगाडी : मोटरीआधीं ब्रेक

१९५६ सालीं कॅलिफोर्नियांत आर्ट इंगल्स ह्या कारागिरानें गवत कापण्याच्या यंत्राचें एंजिन पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर बसविलें आणि पहिली गो-कार्ट तयार झाली. आतां एंजिनाच्या जागीं विजेची मोटरही येऊं लागली आहे. आणि वळणावर मागचीं चाकें मुद्दाम घसरवीत नेण्याचा, म्हणजे ड्रिफ्टचा, खेळही अशा गाडीवर खेळला जातो. घरीं अशी गाडी बांधूं पाहणारा तरुण पहिला प्रश्न विचारतो तो हा, कीं मोटर किती मोठी घ्यावी? हा प्रश्न मात्र पहिला नव्हे.

घसरणें हें मोटरीच्या जोराइतकेंच चाकाच्या पकडीवर अवलंबून असतें. बसणाऱ्यासह गाडीचें वजन १२० किलो आणि त्यांपैकीं ७० किलो मागच्या चाकांवर आहे असें समजूं या. रबरी टायर कोरड्या काँक्रीटला भाराच्या सुमारें आठ दशांश जोरानें धरून राहतो. म्हणजे तो घसरविण्यास ५६ किलोंचा रेटा हवा. त्याच टायरावर टणक प्लॅस्टिकच्या नळीचें कडें चढविलें आणि पकड तीन दशांश धरली, तर २१ किलो पुरतात.

आतां मोटर पाहूं. ई-रिक्षांमुळें ४८ व्होल्ट आणि १००० वॅट अशी मोटर आपल्या बाजारांत सहज मिळते. ती मिनिटाला ३००० फेरे घेते असें धरावें. मोटरीवर १० दात्यांचें व आंसावर ६० दात्यांचें चक्र बसवून सांखळी जोडली, कीं आंस ५०० फेरे घेतो आणि १० इंची चाकावर वेग ताशीं २४ किलोमीटरांच्या आसपास येतो. ह्या रचनेंत जमिनीवरील रेटा सतत १५ किलो आणि क्षणभर त्याच्या दुप्पट मिळूं शकतो. प्लॅस्टिकचें कडें घसरविण्यास तो पुरेसा आहे. रबर घसरविण्यास नाहीं. तेव्हां दुप्पट खर्चाची मोटर घेण्यापेक्षां नळीचा तुकडा घेणें शहाणपणाचें.

मोटर ठरली कीं विजेचा मार्ग ठरतो. १००० वॅटला ४८ नीं भागिलें असतां २१ अँपियर येतात. क्षणिक जोरासाठीं नियंत्रकाची मर्यादा ४० च्या सुमारास ठेवावी. तेवढा प्रवाह बॅटरीला न तापतां देतां आला पाहिजे. शिशाच्या, १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या स्वस्त, पण जड. शिवाय भराभर उपसल्यास त्या आपली पूर्ण सांठवण देत नाहींत. लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी हलकी व टिकाऊ, परंतु तिला संरक्षक मंडल अवश्य हवें. फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ असावा आणि तार पेलेल त्याहून कमी प्रवाहाला तो वितळावा. घरांतील दिव्याचें बटण येथें चालत नाहीं. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळां शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनें वाहतो, आणि ठिणगी पेटती राहून बटणच वितळवूं शकते. त्यासाठीं बॅटरीच्या प्रवाहाचेंच बटण घ्यावें, आणि तें बसणाऱ्याच्या हाताशीं असावें.

आतां मूळ प्रश्न. साध्या गो-कार्टचा ब्रेक बहुधा मागच्या आंसावरच असतो. जें कडें घसरण सोपी करतें, तेंच ह्या ब्रेकची शक्ति हिरावून घेतें. वरच्या हिशेबानें ताशीं २४ किलोमीटर वेगाची गाडी केवळ मागच्या ब्रेकनें थांबण्यास निदान १३ मीटर घेते. म्हणजे तीन मोटारी एकामागें एक उभ्या कराव्या तितकें अंतर. मोटरीकडूनच ब्रेकचें काम घेण्याची सोय असली तरी तीही त्याच चाकांमार्फत चालते, म्हणून तिचा आधार तितकाच तोकडा. पुढच्या रबरी चाकांना ब्रेक दिला, तर हें अंतर जवळजवळ निम्मे होतें. समोर भिंत किंवा मूल असेल, तर ह्या निम्म्यांतच सर्व कांहीं आलें.

म्हणून खरेदीचा क्रम असा असावा : प्रथम पुढच्या चाकांचे ब्रेक, मग मागचीं कडीं, त्यानंतर मोटर, आणि तिच्या मापानें नियंत्रक, बॅटरी, तार व फ्यूज. डोक्यावर हेल्मेट असावें, आणि जागा रस्ता नव्हे, तर रहदारीपासून बंद असलेलें मैदान असावें. गाडी किती वेगानें जाते हें पाहणारे पुष्कळ मिळतील. ती कोठें थांबते हें बांधणाऱ्यानेंच आधीं मोजून ठेवावयाचें असतें.