धुण्याच्या पाण्याचा प्रश्न



सोलापूरला जिवाणूंचा उपद्रव नवा नाही. डाळिंबावरील ‘तेल्या’ने, म्हणजे जिवाणूजन्य करप्याने, येथील बागाच्या बागा उजाड केल्या असून, केगाव येथे २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र या रोगाचा सातत्याने अभ्यास करीत आले आहे. मात्र तेल्या पिकाला ग्रासतो, खाणाऱ्याला नव्हे. उलट साल्मोनेला आणि ई. कोलायचे घातक प्रकार पानावर डाग, वास वा कूज यांपैकी कोणतीच खूण ठेवत नाहीत, म्हणून ते शेतकऱ्याच्या मुरलेल्या नजरेलाही सापडत नाहीत. न कुजलेले शेणखत, सांडपाणी मिसळलेले पाणी आणि अस्वच्छ हात या त्यांच्या नेहमीच्या वाटा आहेत.

कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीसोबत कच्चा कांदा, काकडी व मेथीची कोवळी पाने खाणाऱ्या या जिल्ह्याला २०११ सालची जर्मनीतील साथ दूरची वाटू नये. मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायने तेथे सुमारे चार हजार माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. मोड येण्यास लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते. आरंभी संशय स्पेनच्या काकडीवर गेल्याने निर्दोष उत्पादकांचा माल पडून राहिला, हेही विसरता येत नाही.

सोलापूरच्या उन्हात तापलेला टोमॅटो थंड पाण्यात टाकला, की त्याच्या आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी, त्यातील जिवाणूंसह, आत ओढले जाते. मग तो वरून कितीही धुतला तरी उपयोग होत नाही. म्हणूनच धुण्याचे पाणी फळापेक्षा किंचित उबदार ठेवावे, असे शास्त्र सांगते. शिवाय पाण्यात माती व पालापाचोळा मिसळत गेला, की त्यातील क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होते आणि जुडीमागून जुडी बुचकळताना एका जुडीवरील जिवाणू पुढच्या सगळ्यांवर चढतात. मुबलक पाण्याच्या प्रदेशात यावर पाणी बदलण्याचा उपाय सोपा आहे. पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातील उत्पादकासाठी, एका हौदात किती क्रेट धुवावेत आणि क्लोरीन केव्हा पुन्हा तपासावे, याचे त्याच्या बांधावर चालेल असे उत्तर ताज्या फळांतील व भाजीपाल्यातील जिवाणूजन्य दूषिततेवर विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेने शोधावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे.