संगणकाच्या पोटातला संगणक

कंपनीत नवा मुलगा लागतो, हाती लॅपटॉप मिळतो, आणि चार दिवस त्याचे काम सुरूच होत नाही. डेटाबेसची आवृत्ती निराळी, पायथॉनची निराळी. शेजारचा म्हणतो, “माझ्याकडे चालतंय बुवा!” त्याचे खोटे नसते. पण आपल्यालाच काही येत नाही, असे त्या नवख्याला वाटू लागते. तसे वाटायचे कारण नाही. दोष यंत्रायंत्रांतील फरकाचा आहे.

यावर उपाय दोन. पहिला आभासी यंत्राचा, म्हणजे एका संगणकात दुसरा अख्खा संगणक भासवण्याचा. कल्पना जुनीच, आयबीएमची १९७२ सालची व्हीएम/३७० हेच करीत असे. आज आपल्या टेबलावर व्हर्च्युअलबॉक्स ते करते. दुसरा उपाय कंटेनरचा. तो घरोघरी पोचवला २०१३ साली आलेल्या डॉकरने. आभासी यंत्र म्हणजे स्वतंत्र घर, विहीरसुद्धा वेगळी. कंटेनर म्हणजे चाळीतले बिऱ्हाड. दार आपले, भांडी आपली, पण नळ सगळ्यांचा एकच. हा नळ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात.

तुम्ही विचाराल, मग घ्यावे कोणते? आधी पाहा, तुम्हाला कर्नल वेगळा हवा आहे का? ड्रायव्हर लिहायचा असेल, किंवा संशयास्पद प्रोग्रॅम चालवून पाहायचा असेल, तर निमूटपणे आभासी यंत्र घ्या. त्याला मेमरीचा वाटा तोडून द्यावा लागतो, इलाज नाही. नुसता वेब सर्व्हर आणि डेटाबेस हवा असेल तर कंटेनर पुरे. तो बघता बघता उभा राहतो.

पण हे सुख लिनक्सवरचे, हं! विंडोज किंवा मॅकवर लिनक्सचे कंटेनर चालवायचे तर खाली लिनक्सचे एक आभासी यंत्र लागतेच. ४ जीबी मेमरीचा लॅपटॉप धापा टाकतो तो त्यामुळे, आणि मुले बिचारी कंटेनरला नावे ठेवतात.

पैशाचेही बोलले पाहिजे. २०२१ मध्ये डॉकर डेस्कटॉपचा परवाना बदलला. २५० हून अधिक नोकर किंवा वर्षाला १ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या कंपनीला त्याचे पैसे पडतात. विद्यार्थ्याला पडत नाहीत. पॉडमन सर्वांनाच मोफत आहे. शिवाय रूटचे अधिकार घेऊन मागे सतत चालणारी सेवा त्याला लागत नाही, म्हणून मला तो अधिक रुचतो. आज्ञाही बहुतेक त्याच.

साधन कोणतेही घ्या, पण चालते यंत्र उचलून मित्राच्या हाती देऊ नका. त्याची कृती द्या, म्हणजे डॉकरफाइल. तीत ‘लेटेस्ट’ न लिहिता आवृत्तीचा आकडा लिहा. ‘लेटेस्ट’ आज एक असते, दिवाळीनंतर दुसरेच. आणि डेटाबेसमधली माहिती व्हॉल्यूममध्ये ठेवा. कंटेनर काढून टाकला की आतले सारे त्याच्याबरोबर जाते, आणि हे बऱ्याच मुलांना कळते ते प्रकल्प दाखवायच्या आदल्या रात्री.