जुनी जीप आणि दोघांचा उद्योग

बुलढाणा जिल्ह्याचे जमिनीच्या दृष्टीनें सरळ दोन भाग पडतात. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांतील सपाट, काळ्या मातीचा पायनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील उंच, खडकाळ बालाघाट. मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं गांवें खालीं. बुलढाणा, चिखली, मेहकर वर. दोहोंच्या मध्यें राजूरचा व बोथ्याचा घाट. पावसाळ्यांत खालची माती चाकाला अशी धरते कीं बैलांचीही छाती भरून येते. वर दगडगोट्यांत आंख केव्हां मोडेल याचा नेम नसतो. बंडीनंतर या मुलखाला खरोखर मानवलें असें एक वाहन म्हणजे जीप.

या गाडीचा जन्म युद्धाच्या घाईंत झाला. १९४० सालीं अमेरिकन सैन्याला टेहळणीसाठीं हलकी आणि चारी चाकांनीं ओढणारी गाडी हवी होती. बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पहिला नमुना हजर केला. परंतु मोठ्या संख्येनें गाड्या बनविण्याचें काम विलिस-ओव्हरलँड व फोर्ड यांच्याकडे गेलें आणि १९४५ पर्यंत दोघींनीं मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. चार सिलिंडरांचें, सुमारें २.२ लिटरांचें, ६० अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन आणि पुढच्या व मागच्या आंसांत अवघें ८० इंचांचें अंतर, एवढाच तिचा संसार. युद्ध संपतांच विलिसनें तिचा नागरी अवतार शेतकऱ्यांपुढें ठेवला, आणि १९५० पूर्वींच मुंबईस माझगांव येथें महिंद्र कंपनीनें सुटे भाग जोडून जीप उभी करण्यास आरंभ केला. पुढें कित्येक वर्षें जंगलखातें, पोलीस, सरकारी दौरे आणि निवडणुकीचा प्रचार यांचें चित्र जीपवांचून पुरें होत नसे.

अशा एखाद्या जीपचा गंजलेला सांगाडा गोठ्याच्या मागें पडून आहे, आणि घरांतील पति-पत्नींनीं तो पुन्हा चालता करण्याचें मनावर घेतलें आहे, असें समजावें. त्यांनीं आधीं पाना हातीं घेऊं नये. आधीं गाडीची ओळख पटवावी. तोंडावरच्या जाळींत नऊ उभ्या फटी असल्यास ती बहुधा युद्धकाळांतील. सात असल्यास नागरी. टोपण विशेष उंच असेल तर ती १९५३ सालीं निघालेल्या नमुन्याच्या वळणाची. नव्या इंजिनांत एक झडप डोक्यावर गेल्यामुळें इंजिनाची उंची वाढली आणि टोपणालाही वर सरकावें लागलें. चौकटीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कागदाशीं ताडून पाहावा. कागद नसेल तर पुढचा सारा खर्च वाळूंत ओतलेल्या पाण्यासारखा होय.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे: ही गाडी कशासाठीं हवी? पतीला ती शेतावर नेण्याची इच्छा असावी आणि पत्नीला ती मूळ रूपांत पाहण्याची, किंवा याच्या उलट असावें. हा केवळ आवडीचा भेद नव्हे. १९४० ते १९६० च्या काळांतील कित्येक जीपगाड्यांत पुढें पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसविलें गेलें. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे निराळे नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेलें, आणि चौकट, अंगकाठी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें वाहनच ‘व्हिंटेज’ ठरतें. त्याला ‘व्हीए’ हीं अक्षरें असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षें चालते. मात्र असें वाहन प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती वा इंधन भरणें अशा कारणांपुरतेंच रस्त्यावर आणतां येतें. रोजच्या वा धंद्याच्या कामाला नव्हे. तात्पर्य, मान हवा असेल तर ओझें सोडावें लागतें आणि ओझें वाहायचें असेल तर मान सोडावा लागतो. हा निर्णय दोघांनीं बसून पहिल्याच दिवशीं करावा. अर्ध्या वाटेवर तो केला तर गाडी खोललेली राहते आणि मनेंही.

त्यानंतर खोलण्याचें काम. येथें उत्साहापेक्षां टांचणाला महत्त्व आहे. एकानें स्क्रू काढावा, दुसऱ्यानें तो डबींत घालून वर चिठ्ठी लावावी आणि वहींत त्याची जागा लिहावी. सहा महिन्यांनीं स्मरणशक्ति दगा देते. वही देत नाहीं. घरांत लोणच्याच्या बरण्यांवर तिथि लिहिण्याची संवय ज्या हातांना आहे, त्यांना हें शिकवावें लागत नाहीं. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालींच असते, म्हणून ती काढून दूर नेल्याखेरीज जवळपास वेल्डिंगची ठिणगी पडूं देऊं नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो. ती धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी.

वर्षानुवर्षें बंद असलेलें इंजिन बळानें फिरविणें हा अविचार होय. ठिणगीचे प्लग काढून त्या छिद्रांतून तेल सोडावें, कांहीं दिवस मुरूं द्यावें, मग हाताच्या दांड्यानें सावकाश फिरवून पाहावें. झडपांची फट मोजतांना एकानें दांडा इंच इंच फिरवावा आणि दुसऱ्यानें पत्तीचें माप घालावें. जुन्या जीपची वीज सहा व्होल्टची असते. तेवढ्याच कामाला बारा व्होल्टच्या मानानें दुप्पट प्रवाह लागतो. म्हणून तारा जाड हव्यात आणि चौकटीशीं जेथें जोड आहे ती जागा घांसून लखलखीत हवी. सुरू न होणाऱ्या गाडीचा दोष पुष्कळदां इंजिनांत नसून या गंजलेल्या जोडांत असतो.

परंतु दोन माणसांवांचून अडतेंच असें काम ब्रेकचें. नळ्यांत हवेचा बुडबुडा राहिला तर पायाखालचा दांडा पोकळ लागतो आणि गाडी थांबत नाहीं. ही हवा काढण्यासाठीं एकानें आसनावर बसून दांडा दाबावा, दुसऱ्यानें चाकाशीं निजून छोटा स्क्रू सैल करावा, द्रव व बुडबुडे बाहेर येतांच तो आवळावा आणि मगच वरच्यानें पाय उचलावा. सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून चारी चाकांशीं हेंच. ती गाडीखालीं आणि तो वर असो, वा उलट. “दाबा”, “धरा”, “आतां सोडा” एवढेच शब्द तासभर चालतात. एकाचा पाय क्षणभर लवकर उचलला गेला तर हवा पुन्हा आंत शिरते आणि सारें पहिल्यापासून करावें लागतें. त्या वेळीं कोण चुकलें याचा निवाडा मागून चुका होत नाहींत. पुन्हा “दाबा” म्हणावें हेंच खरें.

खर्चाचेंही असेंच. कापूस घरांत आला कीं हात सैल होतो आणि पेरणीला तो आंखडतो. म्हणून आधीं ब्रेक, सुकाणू व टायर, मग इंजिन, आणि रंग सर्वांच्या शेवटीं, हा क्रम मोडूं नये. रंग आधीं चढविलेली आणि ब्रेक नसलेली गाडी अंगणांत शोभते, परंतु राजूरचा घाट उतरतांना ती शोभा कामास येत नाहीं. उतारावर खालचा गिअर ठेवून वेग इंजिनानेंच आवरावा. चारी चाकांची ओढ केवळ चिखलांत वा मुरमावर लावावी. डांबरी रस्त्यावर वळतांना पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांबची वाट चालतात आणि तो फरक सोडण्याची सोय या गाडींत नसल्यामुळें दांतेचक्रांवर ताण येतो.

वऱ्हाडांत पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जूं वाहिलेल्या त्या जागीं हात फिरवितांना धन्याला कोठें घट्टा पडला, कोठें सूज आहे हें कळतें. शिंगांना रंग लागतो तो दुसऱ्या दिवशीं. जुन्या यंत्राच्या सेवेचाही क्रम तोच आहे. अशी जीप पहिल्यांदा आपल्या बळावर आवाराबाहेर पडते, तेव्हां तिच्यांतला कोणता आवाज कोठून येतो हें घरांतील दोन माणसांना ठाऊक असतें. पुढें कधीं घाटांत ती अडली, तर चालविणारा कोणीही असो, टोपण उघडायला दोघांपैकीं कोणीही खालीं उतरूं शकतें.